पुढच्याला ठेच लागली, हे मागच्याला कळणार कसं?

आई पडली ती जिन्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर. भर दुपारी, लख्ख उजेडात. पायात रोजच्याच चपला, हात मोकळे, कसली घाई नाही. पायरीवर पाणी सांडलेलं नव्हतं की वाटेत काही पडलेलं नव्हतं. वीस वर्षं ती हा जिना चढते-उतरते आहे. शेवटचं पाऊल खाली टाकलं आणि जमीन जिथं लागायला हवी तिथं लागलीच नाही. जमीन होती, पण दोन बोटं खाली. तोल पुढं गेला, तिनं उजवा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत ती एकच वाक्य म्हणत होती, "माझंच लक्ष नव्हतं गं." प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांना तिनं तेच सांगितलं, आणि नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकालाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. या वयात जपून चालावं, डोक्यात विचार असले की असं होतं. कुणी म्हणालं, मनगटावर निभावलं, डोकं आपटलं असतं तर काय केलं असतं? कुणी म्हणालं, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. सगळं मायेनंच बोललेलं. मीही तिला म्हणाले, "आई, जरा बघून चालत जा." त्या वाक्याची मला आजही टोचणी लागून राहिली आहे.

दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीपाशी उभी असताना समोरची वही मला उलटी दिसत होती. नाव, वय, वेळ, पत्ता. मग दुखापतीचा रुंद रकाना, त्यात कोणतं हाड, कोणती बाजू, सूज किती, हे बारीक अक्षरात नीट लिहिलेलं. आणि अगदी शेवटी अरुंद रकाना: कारण. आईच्या नावासमोर तिथं एकच शब्द पडला, "पडून". वरच्या ओळींवर नजर गेली. पडून, पडून, भाजून, वाहनाची धडक, पडून. मोडलेल्या हाडाची हकिगत दोन ओळींची आणि ते मोडलं कशानं याची एका शब्दाची. तेव्हा मी काही फार विचार केला नाही. पण तो शब्द मनातून जाईना.

चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आईला भेटायला आले. चहा घेता घेता म्हणाले, "ती पायरी वाईटच आहे. मागच्या वर्षी माझा घोटा तिथंच मुरगळला होता." आई त्यांच्याकडे बघतच राहिली. संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकूंना विचारलं, तर त्यांच्या नातीच्या हनुवटीला पडलेले तीन टाके त्याच पायरीचे निघाले. घरोघरी सामान पोचवणारा एक मुलगा खोक्यांसकट तिथंच आडवा झाला होता, तेही काकूंनी पाहिलेलं. चौदा महिन्यांत चार माणसं, एकच पायरी. आणि चारही घरांत गोष्ट एकच सांगितली गेली होती: आमचंच लक्ष नव्हतं.

मी टेप घेऊन खाली गेले. गुडघ्यावर बसून एकेक पायरी मोजली. सोळा सेंटिमीटर, सोळा, सोळा, पुन्हा सोळा. अकरा पायऱ्या तशाच. बारावी एकोणीस. खात्री व्हावी म्हणून तीनदा मोजली. मग उलगडा झाला. दीड वर्षापूर्वी जिन्याच्या पायऱ्यांवर नवी फरशी बसवली होती. खालच्या मोकळ्या जागेत मात्र बसवली नव्हती. सगळ्या पायऱ्या सारख्याच उंचावल्या, म्हणून त्यांच्यातलं अंतर बदललं नाही. शेवटची पायरी आणि जमीन यांच्यातलं अंतर तेवढं वाढलं. जिना दिसायला छान झाला होता. मीसुद्धा तेव्हा कौतुक केलं होतं.

पाय कसा चालतो हे नंतर समजून घेतलं. आपण जिना उतरताना पहिल्या दोन-तीन पायऱ्यांकडेच काय ते लक्ष देतो. तेवढ्यात पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढं डोळ्यांची गरज उरत नाही. पाय पाठ म्हणायला लागतो. म्हणून उंच पायऱ्यांचा जिना एक वेळ चालेल, पण एकच पायरी वेगळी असलेला जिना घात करतो. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमावलीत एका जिन्यातल्या सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बुटक्या पायरीतला फरक साडेनऊ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये असं लिहिलेलं आहे. आमचा फरक तीस मिलिमीटरचा. त्यात आमचा कठडा शेवटच्या पायरीच्या आधीच संपतो. म्हणजे जिथं पाय फसतो, नेमक्या त्याच जागी हातातला आधारही सुटतो. आईनं लक्ष दिलं नाही, हे खरं मानलं तरी, वीस वर्षं चाललेल्या जिन्यावर लक्ष देऊन उतरतं कोण? लक्ष न देता उतरता यावं म्हणूनच तर पायऱ्या सारख्या बांधतात.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. म्हण खरीच आहे, पण ती पायवाटेची म्हण आहे. पायवाटेवर पुढचा माणूस मागच्याला दिसतो. तो अडखळलेला दिसतो, त्याचा "आई गं" ऐकू येतो, तो मागं वळून सांगतोसुद्धा, "दगड आहे रे." शहरात पुढचा आणि मागचा एकमेकांना दिसतच नाहीत. एक मंगळवारी पडतो, दुसरा तीन महिन्यांनी शुक्रवारी. एक एका दवाखान्यात जातो, दुसरा दुसऱ्या. दोघांच्या नावांसमोर "पडून" लिहिलं जातं आणि दगड जागच्या जागी राहतो. शहराला ठेचा रोज लागतात, हजारोंनी लागतात. शहाणपण तेवढं साठत नाही. ते एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे नेणारी सोय लागते, आणि ती कुणीतरी मुद्दाम उभी करावी लागते. आईच्या मनगटानंतर मी जे वाचत गेले, ज्यांना विचारत गेले, त्यातून मला सापडलं ते एवढंच. पण हे एवढंसं किती माणसांना घरी सुखरूप आणतं हे पाहिलं, की त्याला एवढंसं म्हणवत नाही.

"वेळ आली नव्हती" हे उत्तर न पटलेला एक माणूस या शोधात भेटला. ह्यू डी हेवन. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो वैमानिक होण्यासाठी शिकत होता. १९१७ साली त्याचं विमान दुसऱ्या विमानावर हवेतच आदळून खाली कोसळलं. तो जबर जखमी झाला, पण जगला. नशीब म्हणून विषय संपवायला सगळे तयार होते. त्यानं मात्र स्वतःच्या जखमांकडे बघितलं. पोटातली इजा विमानातल्या सुरक्षा पट्ट्याच्या बकलानं झाली होती, हे त्याच्या ध्यानात आलं. मग हा प्रश्न त्यानं आयुष्यभर सोडला नाही. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही वाचलेली माणसं त्यानं शोधून काढली आणि ती वाचली कशी याचा हिशेब मांडला. तो अभ्यास १९४२ साली छापून आला. वाचलेल्यांपैकी कुणी मऊ मातीत पडलं होतं, कुणी वाकणाऱ्या पत्र्यावर. जिथं आदळलं ती जागा काही इंच दबली, मार एका जागी न बसता अंगभर विभागला गेला, म्हणून जीव वाचला. गाडीचा आतला भाग कसा असावा, माणसाला बांधून कसं ठेवावं, हा सगळा पुढचा विचार या हिशेबातून निघाला. नशीब म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीत मोजण्यासारखं इतकं काही होतं.

विल्यम हॅडन या डॉक्टरांनी हाच धागा पुढं नेला. १९६६ साली अमेरिकेत वाहतूक सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा उभी राहिली, तिचे ते पहिले प्रमुख. शरीराला सोसवेल त्यापेक्षा जास्त ऊर्जा एकदम अंगावर आली की इजा होते, हे सूत्र धरून ते चालले. पडण्याची, भाजण्याची, आपटण्याची ऊर्जा. मग दोष कुणाचा हा प्रश्न मागं पडतो आणि ही ऊर्जा कुठं अडवता येईल, हा पुढं येतो. त्यांनी एक साधा तक्ता दिला: घटनेआधी, घटनेच्या क्षणी, घटनेनंतर, आणि प्रत्येक वेळी माणूस, वस्तू आणि परिसर. मी तो आईच्या पडण्याला लावून बघितला. पडण्याआधी: पायरीची उंची, कठड्याची लांबी, पायरीची कड ठळक दिसते की नाही, आईच्या पायातलं बळ. पडताना: खाली काय आहे, हाडं किती ठिसूळ झाली आहेत. पडल्यावर: हाक कुणाला ऐकू गेली, मदत किती वेळात आली. वहीतल्या त्या एका शब्दाच्या जागी माझ्या कागदावर नऊ चौकोन भरले. "बघून चाल" हे त्यातल्या एका चौकोनाचं उत्तर होतं, आणि तेही सगळ्यांत लंगडं.

पण एका घराचा तक्ता हे काही शहराचं काम नव्हे. शहराचं काम त्या वहीपाशी सुरू होतं. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेपर्ड नावाचे सर्जन चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करायचे. फुटलेल्या ग्लासांनी चिरलेले गाल, बुक्क्यांनी मोडलेले जबडे. त्यांच्या ध्यानात आलं की मारहाणीत जखमी होऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग तातडीच्या विभागातल्या नोंदणीच्या खिडकीवर तीन प्रश्न जास्तीचे विचारायला सुरुवात झाली: नेमकं कुठं, किती वाजता, कशानं. रस्त्याचं नाव नव्हे, त्या रस्त्यावरची नेमकी जागा. नावं गाळून ही माहिती ठरावीक काळानं पोलिसांकडे आणि नगरपालिकेकडे जायची, आणि सगळे एका टेबलाशी बसायचे. गस्त कुठं हवी, कोणत्या मद्यालयाच्या परवान्याकडे पुन्हा बघायला हवं, काचेच्या ग्लासांऐवजी काय वापरता येईल, हे त्यातून ठरत गेलं. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा अभ्यास आला. तशाच इतर शहरांशी तुलना करता कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी भरलं. खिडकीत बसणाऱ्या माणसानं "कुठं लागलं?" हा प्रश्न दोनदा विचारायचा होता: एकदा शरीरावर कुठं, आणि एकदा शहरात कुठं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या दवाखान्यातही खिडकी होती, वही होती, पेन होतं, विचारणारा माणूस होता आणि उत्तर द्यायला आई समोर बसलेली होती. फक्त प्रश्न नव्हता.

स्वीडनमधल्या फाल्शोपिंग या साधारण तीस हजार वस्तीच्या गावानं १९७० च्या दशकाच्या शेवटी हेच गावभर केलं. दवाखान्यात आलेली प्रत्येक इजा वर्षभर नोंदवली: घरातली, कामावरची, रस्त्यावरची. मग डॉक्टर, परिचारिका, शाळा, नगरपालिका, निरनिराळ्या संस्था एकत्र बसल्या आणि गावाच्या नकाशावरच्या जागा एकेक करून हाती घेतल्या. थोड्याच वर्षांत घरात, कामावर आणि रस्त्यावर होणाऱ्या इजा जवळपास पाव हिश्शानं घटल्या. या अनुभवातून 'सुरक्षित समुदाय' ही कल्पना उभी राहिली. १९८९ साली स्टॉकहोममध्ये भरलेल्या जागतिक परिषदेत, आरोग्य आणि सुरक्षितता यांवर सगळ्या माणसांचा सारखा हक्क आहे, असं जाहीर झालं. मला या वाक्यातला 'सारखा' हा शब्द सगळ्यांत मोठा वाटतो. कारण ठेचा सारख्या वाटलेल्या नसतात. अंधारा जिना, कठडा नसलेली गच्ची, पदपथ नसलेला रस्ता, हे सगळं एकाच वस्तीच्या वाट्याला येतं. आणि तिथल्या माणसांना "जरा जपून" हा सल्लाही सगळ्यांत जास्त वेळा ऐकावा लागतो.

नॉर्वेतल्या हार्स्टाड गावात बोर्गे इटेर्स्टाड या सर्जननं लहान मुलांच्या भाजण्याचा पाठपुरावा केला. तान्ही, रांगती, नुकती चालायला लागलेली मुलं. त्यांची भाजण्याची रीत सगळीकडे एकच: शेगडीच्या कडेला हात पोचतो, भांड्याची मूठ ओढली जाते, नळाखाली बोटं जातात. गावातल्याच घटना, नावं न देता, गावच्याच वर्तमानपत्रात छापून यायला लागल्या. कुठंतरी लांब एक मूल भाजलं असं नव्हे, तर आपल्याच गावात, गेल्याच महिन्यात. पुढच्याची ठेच मागच्याच्या घरात पोचली ती अशी. नुसतं वाचून कुणी थांबू नये म्हणून शेगडीला लावायचं संरक्षक कुंपण आणि नळाच्या गरम पाण्याचं तापमान उतरवणं यांवर भर दिला गेला. पाच वर्षांखालच्या मुलांच्या भाजण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या शहरात तसं काही झालं नाही.

गरम पाण्याचा हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. साठ अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाच सेकंदांत खोलवर भाजतं. लहान मुलाची कातडी आणखी पातळ. पाच सेकंद म्हणजे टॉवेल घ्यायला वळून पुन्हा बघेपर्यंतचा वेळ. तेच पाणी एकोणपन्नास अंशांचं असेल तर तेवढंच भाजायला काही मिनिटं लागतात. काही मिनिटांत मूल रडतं, हात मागं घेतं, आई धावत येते. अकरा अंशांचा फरक, हाताला तो नीट कळतही नाही, पण एका बाजूला सेकंद आहेत आणि दुसऱ्या बाजूला मिनिटं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं १९८३ साली कायदाच केला की पाणी तापवण्याची नवी यंत्रं एकोणपन्नास अंशांवर लावूनच विकायची. त्यामुळे प्रत्येक आईनं प्रत्येक क्षणी जागं राहण्याची सक्ती उरली नाही. कुणीतरी कारखान्यात एकदाच जागं राहिलं.

न्यूयॉर्कची हकिगत याहून हलवून सोडणारी आहे. उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुलं पडून दगावत होती. शहराच्या आरोग्य विभागानं १९७२ साली एक काम हाती घेतलं आणि त्याला नाव दिलं 'चिल्ड्रेन कान्ट फ्लाय', मुलांना उडता येत नाही. मूल पडल्याची खबर रुग्णालयाकडून किंवा पोलिसांकडून आली की परिचारिका त्या घरी जायची. दोष द्यायला नव्हे. कोणत्या खोलीतून पडलं, खिडकीखाली पलंग होता का, हवेसाठी खिडकी उघडी ठेवावी लागते का, हे बघायला. ज्या घरांत लहान मुलं होती आणि धोका मोठा होता, तिथं खिडकीला लावायच्या जाळ्या फुकट दिल्या गेल्या. ब्रॉंक्स भागात दोनेक वर्षांत मुलांचं पडणं अर्ध्यावर आलं. १९७६ साली नियम झाला: दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल, तर जाळी बसवणं घरमालकावर बंधनकारक. उकाड्यात खिडकी उघडी ठेवणाऱ्या आईला कुणी निष्काळजी म्हटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तिला हवा हवी होती. तिचं मूल आणि हवा, दोन्ही तिला मिळायला हवं होतं.

हे सगळं वाचून मी हुरळून गेले होते हे खरं. पण पुढचं वाचल्यावर जमिनीवरही आले. सुरक्षित समुदायांच्या अनुभवांचे निकाल गोळा करून तपासले गेले, तेव्हा चित्र सरसकट उजळ निघालं नाही. काही ठिकाणी इजा घटल्या, काही ठिकाणी फरक दिसला नाही. फाल्शोपिंगमध्येही पुढच्या काळात काम थंडावलं तसे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे आकडे पुन्हा वर सरकले. मला यात कल्पनेचं अपयश दिसत नाही. नोंद थांबली की शहर पुन्हा विसरायला लागतं, एवढंच दिसतं. आणि भिंतीवरच्या घोषणा, फलक, एका आठवड्यापुरती जागृती यांवर माझा विश्वास जवळजवळ उरलेला नाही. "सुरक्षित राहा" या दोन शब्दांनी आमच्या बाराव्या पायरीचा एक मिलिमीटरही कमी झाला नसता.

रस्त्यांवर तर इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात सांगते. ताशी पन्नास किलोमीटरनं येणाऱ्या गाडीत तीसनं येणाऱ्या गाडीच्या पावणेतीन पट ऊर्जा असते, आणि चालणाऱ्या माणसाचं शरीर दोन्ही वेळा तेच असतं. माणूस चुकणारच हे धरून रस्ते बांधायचे, चुकीची शिक्षा मरण असता कामा नये, हे स्वीडनच्या संसदेनं १९९७ साली धोरण म्हणून स्वीकारलं. फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथं २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंतच्या सबंध वर्षात रस्त्यावर एकही माणूस दगावला नाही. सहा लाखांहून जास्त वस्तीचं शहर, आणि वर्षभरात एकाही घरी तो फोन गेला नाही.

जगभरात दर वर्षी इजा आणि हिंसा मिळून सुमारे ४४ लाख माणसं जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. त्यांतली जवळपास पावणेसात लाख नुसती पडून. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वहीतला रकाना आठवला. पडून, पडून, पडून.

प्लास्टर निघालं, पण आईची भीती निघाली नाही. ती खाली उतरेना. भाजी आणायची झाली तर मला सांगायची, मैत्रिणींना फोनवरच भेटायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाडापेक्षा हे जास्त काळजीचं आहे. पडायच्या भीतीनं चालणं थांबतं, चालणं थांबलं की पायातलं बळ जातं, आणि बळ गेलं की माणूस पुन्हा पडतं." तोल सांभाळण्याचे आणि पायांत बळ आणणारे व्यायाम नियमानं केले, तर म्हाताऱ्या माणसांचं पडणं पाव हिश्शाच्या आसपास कमी होतं, हे अनेक चाचण्यांतून दिसलेलं आहे. आता रोज सकाळी आई ओट्याची कड धरून एका पायावर उभी राहते. पहिल्या दिवशी चार आकडे मोजून झाले. काल एकवीस. मोजताना तिच्या पायाची बोटं जमिनीला घट्ट धरून असतात, नखं पांढरी पडतात, आणि ओठ हलत असतात.

पायरीसाठी इमारतीतल्या माणसांची बैठक मी आधीच, आईचा हात प्लास्टरमध्ये असतानाच, बोलावली होती. "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही," असं एकजण म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मग आजोबा उठले आणि आपल्या घोट्याबद्दल बोलले. काकू नातीच्या हनुवटीबद्दल बोलल्या. शेवटी आई, गळ्यातल्या झोळीत हात घेऊन, इतकंच म्हणाली, "मला वाटलं मी एकटीच." खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. खर्चाचा प्रश्न त्यानंतर फार वेळ चालला नाही.

गवंडी आला. त्यानं माझ्या टेपवर विश्वास न ठेवता स्वतःच्या टेपनं मोजलं, ते मला आवडलं. शेवटच्या पायरीपुढची दीडेक मीटर जागा त्यानं तीन सेंटिमीटरनं उचलली आणि पुढं इतक्या हलक्या उतारानं जमिनीला मिळवली की डोळ्यांना तो उतार दिसतही नाही. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा आला. कठडा शेवटच्या पायरीच्याही पुढं हातभर वाढवला. सगळं मिळून दोन दिवसांचं काम. चौदा महिने, चार माणसं आणि दोन दिवस.

खाली, टपालपेट्यांच्या शेजारी, एक वही दोरीनं बांधून ठेवली आहे. चार रकाने: कुठं, कधी, कशामुळं, आणि शेवटचा, दुरुस्त झालं का. नावाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. लागलंच पाहिजे अशी अटही नाही. थोडक्यात वाचलेल्यांनी तर आधी लिहावं, कारण त्यांच्याकडून फुकटात शिकायला मिळतं. पहिली नोंद कुणाची व्हावी, यावर आईचा हट्ट होता. तेव्हा तिचं प्लास्टर निघायचं होतं. तिनं वही मांडीवर घेऊन डाव्या हातानं लिहिलं. वेडीवाकडी, मोठाली अक्षरं, पहिल्यांदा लिहायला शिकलेल्या मुलासारखी: "जिना, शेवटची पायरी. दुपारी. पायरी खोल." "लक्ष नव्हतं" असं तिनं लिहिलं नाही.

आतापर्यंत नऊ नोंदी झाल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा, गच्चीच्या दाराचा वर आलेला उंबरठा, पाण्याच्या टाकीचं झाकण. सहांच्या पुढं "झालं" असं लिहिलेलं आहे. सातवी नोंद एका लहान मुलाच्या अक्षरात आहे: "फाटकाबाहेर रस्ता ओलांडताना, शाळा सुटल्यावर, गाडी वळते तिथं झाड आहे म्हणून दिसत नाही. मी थांबलो." हे आमच्या इमारतीच्या हातातलं काम नाही. त्या पानाचा फोटो आणि अर्ज घेऊन मी दोनदा जाऊन आले आहे. त्या ओळीपुढचा रकाना अजून रिकामा आहे. येत्या सोमवारी पुन्हा जायचं आहे, आणि आई म्हणते, या वेळी तीही येणार. जिना उतरून.